चार नंबरचा डबा

१

क्रेनवाल्याचा चष्मा टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि भोवती बसलेली माणसं तो सोडून बाकी सगळीकडे बघत होती.

चष्म्यात वरवर काही खोट नव्हती. काचा स्वच्छ, काड्या घट्ट. फक्त दोन्ही काचा पाव वळसा चुकून घासल्या होत्या. काही नजरा अशा असतात की त्यांच्या काचेला दिशा लागते, आणि ती दिशा एका आकड्याने ठरते. डॉक्टरच्या कागदावर तो आकडा नव्वद होता आणि काचेत निघाला एकशेऐंशी. "सगळं ताणल्यासारखं दिसतंय," असं क्रेनवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, तेव्हा सवय होईल असं सांगून त्याला वाटेला लावलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडाची तुळई हातभर अलीकडे उतरवली आणि खाली उभ्या असलेल्या कामगाराच्या पायाची तीन बोटं गेली.

याला आता तीन आठवडे झाले होते. क्रेन कंपनीला लेखी उत्तर हवं होतं. चूक कोणाची ते नावासकट, आणि आज पाच वाजायच्या आत.

"नाव आहे आमच्याकडे," मालक म्हणाले. "मशीन बरोबर बोलतंय, एवढंच तुम्ही सही करून द्या, बाई."

बाई म्हणजे वायरबाई. खरं नाव कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगायचा आटापिटा केला नाही. अकरा वर्षांपूर्वी काचा घासण्याच्या या कारखान्यातली संगणकांची सगळी जोडणी तिनेच केली होती. मालकांचा ऑर्डरींचा प्रोग्राम त्याहूनही जुना. तो लिहिणारा माणूस केव्हाच देश सोडून गेला, प्रोग्राम मात्र इथेच राहिला, आणि नव्या मशीनवर चालायचं नाव घेईना. मालकांना तो बदलायचा नव्हता, कारण तो फुकट होता. मग वायरबाईने माळ्यावर एक मोठा संगणक बसवला, त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली, आणि त्या लिनक्सला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावलं. प्रोग्राम खूश. त्याला वाटतं, अजून तेच साल चालू आहे.

खाली टेबलांवर ठेवले ते नुसते डबे. त्यांच्या पोटात हार्डडिस्क नाही, काही साठवलेलं नाही. सकाळी बटण दाबलं की डबा वायरीतून माळ्याला हाक मारतो, माळा त्याच्या वायरीच्या कार्डावरचा नंबर बघतो, यादीत शोधतो आणि सांगतो, तू अमुक केंद्र. मग लिनक्स, प्रोग्राम, सगळं वरून खाली येतं. संध्याकाळी बटण बंद केलं की डबा पुन्हा कोरा.

यादी माळ्याच्या दारावर अजून चिकटलेली होती, वायरबाईच्याच अक्षरात. एक मालक, दोन डिलिव्हरी, तीन घासणी, चार ऑर्डर.

मालकांनी पडदा तिच्याकडे फिरवला. क्रेनवाल्याच्या ऑर्डरखाली प्रोग्रामने नेहमीसारखी एक ओळ लिहून ठेवली होती. शेवटचा बदल, गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं, केंद्र चार.

"ऑर्डरीचं टेबल म्हणजे काकू," मालक म्हणाले. "आणि गंमत म्हणजे त्या नाही म्हणतच नाहीयेत."

२

काकू आपल्या टेबलाशी पाठ ताठ करून बसल्या होत्या. वय त्रेसष्ट. सव्वीस वर्षं डॉक्टरांचे कागद वाचून आकडे भरत आलेल्या. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. खुद्द डॉक्टरही कधीकधी आपण काय लिहिलंय ते त्यांना फोन करून विचारत.

समोर टाइप केलेलं पत्र होतं. 'माझ्या हातून' अशी त्याची सुरुवात होती. पेनाचं टोपण काढून ठेवलेलं होतं.

"काकू, चार दहाला तुम्ही ती ऑर्डर परत उघडलीत?" वायरबाईने विचारलं.

"मी एकदा भरलेली ऑर्डर परत उघडत नाही गं. सव्वीस वर्षांत उघडलेली नाही."

"मग?"

"मग काय? मशीन म्हणतंय उघडली. म्हणजे उघडली असणार." काकूंनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. "माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. तिचंही असंच सुरू झालं होतं. दूध गॅसवर ठेवलं म्हणायची आणि पातेलं कपाटात निघायचं. मला ते दुपारचं काहीच आठवत नाही, यालाच विसरणं म्हणतात ना?"

 सांत्वन करणं हा वायरबाईचा प्रांत नव्हता आणि ते तिला ठाऊक होतं.

"रविवारी लेक येतेय न्यायला," काकू म्हणाल्या. "एकटीने राहू नकोस म्हणते. घर भाड्याने द्यायचं ठरलंय. नोकरीचं मला तेवढं नाही. पण परक्या घरात कोपऱ्यात बसून, आपलं डोकं किती उरलंय ते रोज मोजत राहायचं, ते नको वाटतं बघ."

"सही करायची घाई करू नका."

"का?"

 वायरबाई काकूंचा प्रिंटर न्याहाळू लागली. जुन्या धाटणीचा, कागदावर टाचण्या आपटून अक्षरं काढणारा. त्याची एक टाचणी तुटलेली होती, त्यामुळे छापलेल्या प्रत्येक ओळीच्या पोटातून एक पांढरी रेघ जायची.

"हे कधीपासून?"

"वर्ष झालं. मालकांना सांगून दमले. वाचता येतंय ना, म्हणतात."

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. घासणीकडून मिस्त्री आले, काकूंच्या टेबलावरच्या डब्याच्या वायरी सटासट उपटल्या, तो काखेत मारला आणि निघाले. वायरबाईने विचारलं, "कुठे चाललात?"

"गुरुवार आहे," मिस्त्री म्हणाले, जणू यात सगळं आलं.

३

काचेला चकाकी आणायची पूड गुलाबी असते आणि ती कशालाही सोडत नाही. कारखान्यातल्या भिंती गुलाबी होत्या, मिस्त्रींच्या भुवया गुलाबी होत्या. डब्यांच्या पंख्यांतही ती जाऊन बसायची. म्हणून दर गुरुवारी सुट्टीत काकूंचा, डिलिव्हरीचा आणि घासणीचा असे तिन्ही डबे कॉम्प्रेसरपाशी नेऊन हवेच्या झोताने साफ करायचे, असा इथला शिरस्ता. मालकांची केबिन काचेने बंद असल्यामुळे त्यांचा डबा यातून सुटला होता.

वायरबाई हात बांधून बघत उभी राहिली. मिस्त्री हवा मारत होते आणि मालकांचे जावई रुमालाने नाक धरून डबे पुसत होते. त्यांना सगळे जावईबापू म्हणत. डिलिव्हरीचं टेबल त्यांचं. बोलायला गोड, गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचे नाहीत, आणि सासऱ्यासमोर मान वर करायचे नाहीत.

साफसफाई झाली. मिस्त्रींनी हाताला लागला तो डबा उचलला आणि घासणीत नेला. जावईबापूंनी दुसरा घेतला. तिसरा काकूंच्या टेबलावर गेला. कोणता कोणाचा, हे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पाहून उपयोगही नव्हता, कारण डब्यांवरचे नंबरांचे कागद हवेच्या झोताने कधीच उडून गेले होते.

"डबे अदलाबदल होतात," वायरबाई म्हणाली.

"होईनात का," मिस्त्री म्हणाले. "रिकामे तर आहेत. कुठलाही कुठेही लावा, फरक पडत नाही."

"असं कोणी सांगितलं?"

मिस्त्रींनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुम्हीच नाही का? पहिल्या दिवशी."

सांगितलं होतं. वायरबाईला तो दिवस लख्ख आठवला. नव्या मशीनला हात लावायला सगळे बिचकत होते, म्हणून तिने हसत हसत ते वाक्य टाकलं होतं. काम चालण्यापुरतं ते खरंही होतं. पण माळ्याच्या यादीत नंबर लिहिला होता तो डब्याचा. टेबलाचा नव्हे आणि माणसाचा तर नव्हेच. डबा हलला की नंबर त्याच्याबरोबर चालला. अकरा वर्षांत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण अकरा वर्षांत केंद्राचा नंबर कोणी वाचलाच नव्हता. तिला स्वतःचा राग आला, आणि तो बराच वेळ गेला नाही.

म्हणजे त्या गुरुवारी चार दहाला चार नंबरचा डबा काकूंसमोर असेलच असं नव्हतं. पण मग कोणासमोर होता? माळ्याची नोंद आठवड्याची जुनी झाली की पुसली जायची, आणि डबे त्यानंतर तीनदा हलले होते.

झालेल्या कामाच्या चिठ्ठ्या इथे एका उभ्या तारेत खोचून ठेवत. प्रत्येक चिठ्ठीवर ऑर्डरीचे आकडे आणि तळाशी वेळ व केंद्र. वायरबाईने त्या गुरुवारचा गठ्ठा काढून काकूंच्या टेबलावर पसरला. क्रेनवाल्याची चिठ्ठी सापडली. आकडा एकशेऐंशी, वेळ चार अकरा, केंद्र चार.

तिने ती उजेडात धरली. अक्षरं सबंध होती. त्यांच्यातून पांढरी रेघ गेलेली नव्हती.

"काकू, ही तुमच्या प्रिंटरवर छापलेली नाही."

काकूंनी चिठ्ठी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.  "मग माझ्या कुठल्या?"

त्या दिवशीच्या काकूंच्या चिठ्ठ्या शोधायला वेळ लागला नाही. रेघ असलेल्या सगळ्या काकूंच्या. सकाळच्या चिठ्ठ्यांवर केंद्र चार. आणि जेवणाच्या सुट्टीनंतरच्या, त्याच रेघेच्या, सातही चिठ्ठ्यांवर केंद्र तीन.

तीन म्हणजे घासणी. म्हणजे मिस्त्रींचा डबा त्या दुपारी काकूंसमोर होता.

"मग माझा त्यांच्याकडे," काकू हळूच म्हणाल्या.

४

मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले.

"म्हणजे मी आकडा बदलला?"

"काच तुम्ही घासलीत," वायरबाई म्हणाली. "काच चुकली. मग चिठ्ठी काचेला जुळेल अशी बदलली गेली. डॉक्टरचा कागद नव्वद म्हणतो. काकूंनी सकाळी नव्वदच भरलं असणार. घासताना तुमच्या चिठ्ठीवर काय होतं?"

"दिवसाला साठ जोड्या घासतो, बाई. आठवत असतं तर तीन आठवडे गप्प बसलो असतो का?" त्यांनी भुवया पुसल्या, गुलाबी पूड गालांवर आली. "माझ्याकडून फिरवाफिरव झाली असेल. ते माझ्या हातून होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही. पण झाली असती तर दुसरी जोडी घासली असती. काकूंच्या नावावर ढकलायचं? त्यांनी माझ्या पोरीला शाळेचं गणित शिकवलंय."

माणूस कळवळून बोलला म्हणून खरं बोलतो असं काही नसतं, आणि वायरबाईने त्यावर फार भर दिला नाही. ती घासणीच्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. पडदा, कळफलक, डबा. डब्याच्या मागे वायरी बघितल्या. पडद्याची, कळफलकाची, विजेची आणि माळ्याची.

"मिस्त्री, तुमचा प्रिंटर कुठंय?"

"तो गेला की पूड खाऊन. दोन वर्षं झाली. मला छापायचं काय असतं? चिठ्ठी काकूंकडून येते, मी वाचतो, काम करतो."

वायरबाई स्टुलावर बसली. हे प्रिंटर ज्या डब्याला जोडलेले असत, त्या डब्यावरचंच छापत. क्रेनवाल्याची चिठ्ठी चार नंबरच्या डब्याने छापली होती आणि ती कोणत्या तरी धड प्रिंटरवर छापली गेली होती. घासणीत प्रिंटरच नव्हता. काकूंचा धड नव्हता. मालक त्या दिवशी बाहेरगावी होते, केबिनला कुलूप होतं, शिवाय त्यांचा डबा हलतच नाही. उरला प्रिंटर एकच.

नुसती दोन डब्यांची अदलाबदल झाली नव्हती, तिन्ही डबे फिरले होते. तीन नंबर काकूंकडे, दोन नंबर मिस्त्रींकडे, आणि चार नंबर डिलिव्हरीच्या टेबलावर.

तिने घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते. एवढ्यात काकूंच्या टेबलाकडून मालकांचा आवाज आला. "काकू, आता पेन उचला. माणूस पत्र न्यायला येऊन बसलाय."

५

"पत्र थांबवा," वायरबाई म्हणाली. "क्रेन कंपनीची फाइल द्या."

मालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण फाइल मिळाली. कंपनीने तक्रारीबरोबर आपल्याकडचे सगळे कागद जोडले होते. डॉक्टरचा कागद, दवाखान्याचा कागद, आणि चष्मा मिळाल्याची पोचपावती. ही पावती डिलिव्हरीच्या टेबलावर छापतात आणि गिऱ्हाइकाची सही घेऊन एक प्रत त्याला देतात. तिच्यावर खाली जावईबापूंची सही होती. वेळ चार पंचवीस. केंद्र चार.

तिने पावती आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डबे, गुरुवार, पांढरी रेघ, मिस्त्रींचा नसलेला प्रिंटर. सांगताना आवाज चढवला नाही, कोणाकडे बोट दाखवलं नाही. नळ कुठे गळतोय ते सांगावं तसं तिने सांगितलं.

जावईबापूंनी सुरुवातीला मान हलवली. मग ते ततपप करू लागले. मग बसले.

"गिऱ्हाइक समोर उभं होतं," ते म्हणाले. "मी आज देतो म्हणून शब्द दिला होता. काच तपासायच्या यंत्राखाली धरली तर दिशा चुकलेली. तसल्या जाड काचेचा कच्चा माल संपलेला, नवा यायला आठवडा. चिठ्ठी आणि काच जुळली नाही तर प्रोग्राम पोचपावती काढू देत नाही. म्हणून..."

"म्हणून आकडा बदललात आणि जुनी चिठ्ठी काढून नवी खोचलीत," मिस्त्री म्हणाले.

"घासली तुम्ही चुकीची!"

"घासली. आज कळलं, आज कबूल करतो. तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं."

"चार नंबर पडेल, काकूंचं नाव येईल, हे मला कुठे ठाऊक होतं?" जावईबापूंनी सासऱ्याकडे पाहिलं. "खरंच नव्हतं. ते नंतर आलं. आपोआप आलं."

हे खरं होतं. वायरबाईला ते पटलं. त्यांनी कोणावर आळ घेतला नव्हता, आळ चालत काकूंकडे गेला होता, आणि त्यांनी त्याला अडवलं नव्हतं इतकंच.

मालक बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मुलीचा संसार, कारखान्याचं नाव आणि पाच वाजत आलेले, असं तिन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "घरातली गोष्ट आहे," शेवटी ते म्हणाले. "मशीनची चूक झाली असं लिहू. कोणाचंच नाव नको. काकूही सुटल्या. काय बाई?"

"मशीनने जे झालं ते लिहिलं," वायरबाई म्हणाली. "चूक माझी आहे. डबे कुठेही लावा असं मी सांगितलं आणि नंबराचं काय होतं ते सांगितलं नाही. ते मी लिहून देते, सहीनिशी. पण आकडा मी बदलला नाही."

 काकू अजून त्या दोन कागदांकडेच बघत होत्या.

"म्हणजे मी ती ऑर्डर उघडली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू."

"उघडून विसरले, असंही नाही."

"नाही. विसरायला काही झालंच नव्हतं."

काकूंनी मान डोलावली. मग त्यांनी खुर्ची सरकवून जावईबापूंकडे तोंड केलं.

"मागच्या सोमवारी मला मेंदूच्या डॉक्टरकडे कोणी नेलं?"

जावईबापू खाली बघत राहिले. मालकांनी चमकून वर पाहिलं, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही नेलंत. स्वतःच्या गाडीतून. मला केवढं बरं वाटलं होतं, म्हटलं, मालकांच्या घरचा माणूस, पण किती जीव लावतो. आत तो डॉक्टर मला आज वार कोणता, शंभरातून सात सात वजा करत चला, असलं काहीबाही विचारत होता. तुम्ही दोन तास बाहेर बाकावर बसलात. मी बाहेर आले तर म्हणालात, काय निघालं? मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात, काही दिसत नाही, सगळं ठीक आहे, तसं कागदावर लिहूनही दिलंय. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"काकू, आठवत नाही मला."

"मला आठवतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही माझा हात धरून पायऱ्या उतरवल्यात आणि म्हणालात, सुरुवातीला दिसत नाही, काकू."

 पत्र न्यायला आलेला माणूस दारात येऊन उभा राहिला होता, तो मागे सरकला.

मग मालकांनी टाइप केलेलं पत्र उचललं, उभं फाडलं आणि कोरा कागद जावयापुढे ठेवला. "स्वतःच्या अक्षरात," ते म्हणाले. "काय केलंत ते आणि कधीपासून माहीत होतं ते. दोन्ही."

जावईबापू लिहू लागले. मिस्त्री त्यांच्याच शेजारी बसून आपला वेगळा कागद लिहीत होते, घासताना दिशा चुकल्याचा. वायरबाईने आपला आधीच पुरा केला होता.

काकू उठून आपल्या टेबलाशी गेल्या आणि लेकीला फोन लावला.

"रविवारी येतेस ना? ये. पण मला न्यायला नको, आणि त्या भाडेकरूला नाही म्हणून सांग... नाही गं, बरी आहे... काय झालं ते आल्यावर सांगते." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. काकू ऐकत होत्या आणि मोकळ्या हाताने डोळे पुसत होत्या. "हो हो, नीट विचार करून बोलतेय," त्या म्हणाल्या. "माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा कागद आहे माझ्याकडे, तोही दाखवते तुला."